विराम, एक मिनिट वीस सेकंद

इंदूताई, तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले आणि तुमच्या बेसमेंटमधला डीह्युमिडिफायर अजून घरघरतो आहे. तुमच्या लेकाने, संजयने, तो बंद केला होता, मी पुन्हा लावला. शब्दांच्या कार्डांना बुरशी लागेल म्हणून अकरा वर्षं तुम्ही तो एक दिवस बंद पडू दिला नाहीत, आता तो वाईटपणा मी कशाला घेऊ? संजय परवा देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामला परत गेला. जाताना घराची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "फिलू आंटी, यू नो हर स्टफ. जस्ट टेल मी व्हॉट टु कीप." लेकराचं तरी काय चुकलं? त्या कार्डांच्या खोक्यांत काय आहे ते तुम्ही त्याला कधी सांगितलं नाहीत आणि त्यानेही कधी विचारलं नाही.

मराठी मंडळाच्या ईमेलमध्ये तुमच्यावर चार ओळी आल्या. निवृत्त प्राध्यापिका, प्रेमळ आई, हसतमुख आणि सुगरण. ताई, सुगरण! तुमच्या हातची खिचडी तीन प्रकारची असायची: कच्ची, करपलेली, आणि एकाच कुकरात दोन्ही. हसतमुख तुम्हाला कोण म्हणालं त्याचा मी शोध घेणार आहे. फातालुकूचं त्या चार ओळींत नावसुद्धा नाही. पूर्व तिमोरच्या अगदी टोकाला बोलली जाणारी एक भाषा, आणि तिचं व्याकरण कॅनडातल्या हॅमिल्टनच्या एका तळघरात लिहीत बसलेली एक म्हातारी. मंडळाला बिचाऱ्याला हे कुठून माहीत असणार? तुम्ही गणपतीलासुद्धा जायचा नाहीत.

इंडियन ग्रोसरीत अगरबत्त्यांच्या शेल्फशेजारी तुमची चिठ्ठी होती: "टाइप करायला माणूस हवा. कान चांगला पाहिजे." माझा कान चांगला होता. वीस वर्षं मी घरी बसून डॉक्टरांची डिक्टेशन्स टाइप केली होती. कानात हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद. मग हॉस्पिटलांनी सॉफ्टवेअर घेतलं आणि माझा पाय मोकळा झाला. पहिल्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, "वसईच्या ना तुम्ही? ख्रिश्चन? मग थोडं पोर्तुगीज येत असेल." मी म्हटलं, "ताई, पोर्तुगीज वसईतून जाऊन अडीचशेच्या वर वर्षं झाली. मला आधी सांगून गेले असते तर शिकून ठेवलं असतं." तुम्ही हसला नाहीत. पण दुसऱ्या शनिवारपासून मला 'अगं' म्हणायला लागलात.

पोर्तुगीज हवं होतं ते डोमिंगासाठी, शेवटी इंग्रजीवरच भागलं. तिला तुम्ही मिसिसागातल्या एका बेकरीत गाठलं होतंत. ती तिमोरहून लिस्बनला आणि लिस्बनहून इकडे आलेली, एअरपोर्टजवळची ऑफिसं झाडणारी. पावाच्या रांगेत फोनवर ती कुठली तरी भाषा बोलत होती आणि तुमचे कान टवकारले. आयुष्यभर विद्यार्थ्यांना दुसऱ्यांनी लिहिलेली व्याकरणं शिकवलीत, रिटायर झाल्यावर तुम्हाला स्वतःचं एक हवं होतं. दर शनिवारी मी माझ्या कोरोलातून डोमिंगाला घ्यायचे, आम्ही दोघी हायवेने हॅमिल्टनला यायचो, आणि तुम्ही दार उघडून म्हणायचा, "सात मिनिटं लेट." बर्फ पडत असला तरी सात मिनिटं लेट.

ती पहिली वर्षं आठवली की आजही बरं वाटतं. डोमिंगाने पहिलं वाक्य सांगितलं आणि क्रियापद शेवटी आलं, आपल्यासारखं. मग 'घरात', 'झाडाखाली' विचारलं, तर 'आत' आणि 'खाली' नामाच्या मागे, आपल्यासारखे. तिसऱ्या शनिवारी 'आपण' आणि 'आम्ही' हे दोन वेगळे शब्द निघाले. ऐकणाऱ्याला धरून एक, वगळून एक. तुम्ही खुर्चीतून उठून उभ्या राहिलात. "फिलू, अगं, हे इंग्रजांना समजावताना माझा घसा सुकायचा, आणि इथे ही बाई डोळ्यांत डोळे घालून सांगतेय!" डोमिंगाला वाटलं तिचं काही चुकलं. तुम्ही तिचे दोन्ही हात धरलेत. हात धरण्यातल्या तुम्ही नव्हेत, म्हणून ते लक्षात राहिलं. 'तो' आणि 'ती'ला एकच शब्द आहे हे कळल्यावर तर तुम्ही दिवसभर खूश होतात. म्हणालात, "सगळं लिंगाचं झेंगट एका फटक्यात साफ."

डोमिंगाची गोष्टही त्याच वर्षांतली. तुम्हाला सलग बोलण्याचा नमुना हवा होता, "काहीही सांग, लहानपणचं." तिने सांगितलं. लष्कर गावात आलं, माणसं डोंगरात पळाली, तिच्या धाकट्या भावाला खाली आणलं आणि सगळ्यांना उभं करून त्यांच्यासमोर मारलं. ती तेव्हा बारा वर्षांची होती. हे तिने सपाट आवाजात सांगितलं, दळण दळावं तसं. मी ते टाइप केलं. तुम्ही ते तीन ओळींत मांडलंत: वर तिचे शब्द, मधे एकेका शब्दाचा अर्थ, खाली मराठी. मग त्यातल्या क्रियापदांखाली लाल पेन्सिलीने रेघा मारल्यात. इतक्या कमी जागेत इतकी क्रियापदं एकापुढे एक ओवलेली तुम्ही कधी पाहिली नव्हती.

ताई, तुमच्या धंद्याची एक रीत आहे. ती मला पहिल्यापासून खटकायची आणि मी कधी बोलले नाही. कोण कर्ता आणि कोण कर्म हे तपासायचं म्हटलं की तुम्ही लोक 'मारणे' घेता. मी त्याला मारलं, त्याने मला मारलं, माणसाने डुकराला मारलं. तुमच्या शेल्फवरच्या प्रत्येक व्याकरणात कोणी ना कोणी कोणाला तरी मारतच असतं. मी एकदा विचारलंही होतं, की ओवाळणे का नाही घेत? तुम्ही म्हणालात, "ओवाळताना काय होतं ते नीट सांगता येत नाही. मारलं की मेलं. अर्थ स्वच्छ." डोमिंगाच्या भाषेत क्रियापद माणसागणिक बदलत नाही. पण बदलत नाही हे दाखवायला ते प्रत्येक माणसाबरोबर एकदा म्हणवून घ्यावं लागतं. म्हणून शनिवारमागून शनिवार ती बाई आमच्यासमोर बसून म्हणत राहिली: मी मारलं, तू मारलंस, त्याने मारलं, आम्ही मारलं.

शेवटच्या शनिवारी तुम्हाला नात्याच्या शब्दांची मालकी बघायची होती. माझा भाऊ, तुझा भाऊ. एका वाक्यात दोन कामं उरकावीत म्हणून तुम्ही ते जुन्याला जोडलंत. "म्हण: त्यांनी माझ्या धाकट्या भावाला मारलं." ती म्हणाली. तुम्ही मान खाली घालून लिहीत होतात. "छान. आता 'आपण' लाव. आपण माझ्या धाकट्या भावाला मारलं." मी तिच्याकडे बघत होते. तिने कॉलरचा माइक काढला, वायर गुंडाळली, टेबलावर ठेवली आणि जिना चढून वर गेली. तुम्ही विचारलंत, "वॉशरूमला गेली का?" मी वर गेले तर ती कोट घालून माझ्या गाडीपाशी बर्फात उभी होती.  मिसिसागाला उतरताना "थँक यू, फिलू" म्हणाली.

पुढच्या शनिवारी तिने फोन उचलला नाही. तुम्ही म्हणालात, येईल. त्याच्या पुढच्या शनिवारीही म्हणालात, येईल. कॅनडाला दीडशे वर्षं झाली तो उन्हाळा आला, शेजारी लाल-पांढरे झेंडे लागले, फटाके फुटले, आणि आपण दोघी खाली बसून जुनीच कार्डं लावत होतो. तेव्हा आपलं पहिलं मोठं भांडण झालं. मी म्हटलं, "ताई, तिला जाऊन भेटा. माफी मागा." तुम्ही चष्मा काढलात. "मी काय केलं? उदाहरणातला भाऊ हा कोणाचाच भाऊ नसतो, फिलू. ते एक नाम आहे." मी म्हटलं, "तिचा होता ना पण! तुमच्याच हाताने रेघा मारल्यात त्याच्याखाली." तुम्ही म्हणालात, "यू आर बीइंग सेंटिमेंटल." वाद हरायला लागलात की तुम्ही इंग्रजीत जायचा.

मी येतच राहिले. तुमच्यावर रागवायचे, तुम्हाला डॉक्टरकडे न्यायचे, त्या रिकाम्या घरात एखादी मांजर पाळा म्हणून सांगायचे. तुम्ही बारीक होत गेलात. ऑक्टोबरात डॉक्टरांनी स्वादुपिंडाचं नाव घेतलं आणि तुम्ही त्यांना विचारलंत, किती पानं लिहून होतील? बिचाऱ्याला वाटलं तुमचं इंग्रजी कच्चं आहे.

शेवटचं भांडण हॉस्पिटलात झालं. खिडकीतून दूरवर स्टीलच्या कारखान्यांचा धूर दिसत होता आणि तुमच्या हातात सलाइनच्या सुया होत्या. माणूस मरायला टेकलंय आणि मी भांडत होते, याची आता लाज वाटते. मी म्हटलं, "एकदा तिला सॉरी म्हणा. मी फोन लावून देते." तुम्ही म्हणालात, "सॉरी? या देशात लोक दाराला धडकले तरी दाराला सॉरी म्हणतात." मी पर्स उचलली. "मग मरा तशाच," म्हटलं. हो, म्हटलं. तुम्ही खिडकीकडे तोंड फिरवलंत. मी नऊ दिवस आले नाही. नवव्या दिवशी संजयचा फोन आला, तुम्ही गेल्याचा.

त्या भांडणात माझा आवाज इतका का चढत होता ते तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. विचारायला हवं होतं. डोमिंगाच्या शेवटच्या शनिवारच्या दोन महिने आधी, 'मारणे' चालू असताना वर कुकरने शिट्ट्यांवर शिट्ट्या दिल्या आणि तुम्ही गॅस बंद करायला गेलात. मी त्या दिवशी ताप-खोकल्याने वरच सोफ्यावर पडले होते. डोमिंगा खाली एकटी. रेकॉर्डर चालू. आठवड्याने मी ते टाइप करायला घेतलं. तुमच्या चपला जिन्यावर वाजत गेल्या, आणि डोमिंगा रडायला लागली. मोठ्याने नाही. मग ती हळू आवाजात काहीतरी बोलली. एरवी मी प्रत्येक वाक्य तीन-तीनदा ऐकते. हे एकदाच ऐकलं, पेडलवरून पाय उचलला आणि लिहिलं: "विराम, एक मिनिट वीस सेकंद."

डॉक्टरांची डिक्टेशन्स करताना हीच सवय लागली होती. मागे पेशंट रडत असला तरी ते टाइप करायचं नसतं. पण सवयीवर ढकलून मी सुटणार नाही. मी घाबरले, ताई. हे तुम्हाला सांगितलं तर काम थांबेल, आणि काम थांबलं तर शनिवार जाईल. माझा नवरा जॉन गेल्यापासून माझ्या आठवड्याला तो एकच दिवस होता. मुलं महिन्यातून एकदा टेक्स्ट करतात, तेही अंगठा. गाडीत डोमिंगा, बेसमेंटमध्ये तुम्ही, वर करपलेली खिचडी: एवढंच मला राखायचं होतं. म्हणून मी गप्प बसले, आणि दोन महिन्यांनी तुम्ही तिला भावाचं वाक्य घातलंत. तुमच्यावर ओरडत होते त्यातलं अर्धं मी स्वतःवर ओरडत होते.

संजय आणि मी हॉस्पिटलची पिशवी उपसत होतो तेव्हा तो कागद निघाला. हॉस्पिटलच्या मेनूची मागची बाजू. वर चिकन सूपपुढे तुम्ही फुली मारलेली, मागे तुमचं अक्षर, थरथरलेलं. तीन ओळींची मांडणी, जशी नेहमी करायचा. वर फातालुकू, मधे एकेका शब्दाचा अर्थ, खाली मराठी. "डोमिंगा, मी तुला तुझ्या भावाचं वाक्य म्हणायला लावायला नको होतं. मला" आणि पुढे पहिल्या ओळीत मोकळी जागा, दुसऱ्या ओळीत मोकळी जागा, तिसरीत "क्षमा कर". खाली लिहिलेलं होतं: "फिलू, हा शब्द आपल्याकडे आहे का? बघ."

मी दोन दिवस बघत होते. सगळी खोकी, सगळ्या फाइली. मारणे आहे. कापणे, ढकलणे, बांधणे, पळवणे, पुरणे आहे. रागावणे आहे. अकरा वर्षांत क्षमा करणे आपण तिला कधी विचारलंच नाही. मी बेसमेंटच्या पायरीवर बसून रडले, आणि तुम्हाला शिव्याही दिल्या. भांडण तुम्ही माझ्याशी केलंत आणि माफी गुपचूप लिहायला घेतलीत. त्या नऊ दिवसांत मी आले असते तर निदान इतकं तरी कळलं असतं.

रविवारी चर्चमध्ये मास झाल्यावर कागद घेऊन डोमिंगाकडे गेले. तीही एका बेसमेंटमध्येच राहते, खिडकीच्या उंचीला रस्ता. तुम्ही गेल्याचं तिला ठाऊक होतं. फ्युनरलला ती आली नव्हती, पण मेणबत्ती लावल्याचं म्हणाली. मी कागद पुढे केला. तिने चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि तुमच्यासमोर वाचायची तसं ओठ हलवत वाचलं. दोन ठिकाणी तुम्ही घशात क्षणभर अडणारा आवाज लिहायला विसरला होतात, तिने खुणा केल्या. एक शब्द उचलून पुढे ठेवला. मग ती मोकळ्या जागेपाशी आली आणि थांबली.

"तुमच्याकडे शब्द आहे ना?" मी विचारलं.

"आहे."

"मग?"

तिने पेन्सिल खाली ठेवली. "ती इथे आली असती आणि विचारलं असतं, तर सांगितला असता. आता लिहून कोणाला देऊ?"

मी तिला विचारलं, खोक्यांचं आणि रेकॉर्डिंगांचं काय करू, सगळं पुसून टाकू का?  ती म्हणाली, "मारण्याचं काढ. बाकी ठेव. त्यात माझ्या आईचं बोलणं आहे, मी तिच्यासारखीच बोलते." तेवढ्यावर मला उठून जाता आलं असतं. पण मी बसले आणि त्या एका मिनिट वीस सेकंदांचं सांगितलं. ऐकलं होतं, विराम लिहिला होता, हे सांगितलं.

डोमिंगा म्हणाली, "मला माहीत होतं तू ऐकशील. रेकॉर्डरचा लाल दिवा चालू होता. म्हणून तर बोलले. जिच्या घरी जेवायचं तिला तोंडावर नाही कसं म्हणणार? मला वाटलं, फिलू ऐकेल, फिलू सांगेल. तुझं नाव घेतलं होतं मी."

"नाव मला ऐकू आलं नाही," मी म्हणाले.

खोटं, ताई. आलं होतं. फिलू हा शब्द कुठल्याही भाषेत मला कळतो. पुढचं कळू नये म्हणूनच मी पाय उचलला होता. डोमिंगाने पुढे विचारलं नाही. निघताना तिने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं, बाहेर उणे अठरा होतं.

काल दुपारी मी तुमच्या खुर्चीत बसले, हेडफोन घातले आणि ती फाइल उघडली. तुमच्या चपला जिन्यावर गेल्या. शिट्ट्या बंद झाल्या. वर मी खोकले. खाली ती रडली, नाक पुसलं, आणि बोलली. तीनदा ऐकलं, शब्द साधेच होते. विराम खोडला आणि तिथे तिचं बोलणं लिहिलं, तुमच्यासारखं तीन ओळींत. तिसरी ओळ तुम्हाला वाचून दाखवते.

"फिलू, ताईला तू सांग. मला मारायला लावू नको म्हणावं. दुसरं काहीही विचार. उचलणं, धुणं, शिजवणं, पेरणं. संध्याकाळपर्यंत बसेन मी."

हा निरोप तुमचा होता, ताई. माझ्या हातात दोन महिने होते आणि मी तो पोचवला नाही.